अंबाडी कमरेएवढीच राहून फुलते, नाहीतर उभ्या उभ्या वाळते: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

आमच्या वऱ्हाडात अंबाडीला कोणी पीक म्हणून मोजत नाही. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोन तास (ओळी), तुरीच्या ओळीत मधूनच चार दाणे, नाहीतर घरामागं एखादा वाफा. पेरताना लक्ष नसतं, निंदताना नसतं, खताच्या वेळी तर आठवणही होत नाही. वाख, म्हणजे सालीचा धागा, काढायची वेळ आली की मात्र सगळ्यांना आठ फुटांची सरळ काडी हवी असते. ती नसली की मग "हिच्यावर काय फवारू, सांग ना भाऊ" सुरू होतं. दर हंगामात हीच तक्रार घेऊन लोक मला वावरात नेतात, आणि बहुतेक वेळा फवारण्यासारखं काहीच सापडत नाही. म्हणून हे एकदाचं लिहून ठेवतो.

क्रम फुकटापासून खर्चाकडे आणि सोप्यापासून अवघडाकडे लावला आहे. तो मोडू नका. आधी दुकानातून बाटली आणली आणि मग पेरणीची तारीख आठवली, तर बाटलीचे पैसे काही परत मिळत नाहीत.

आधी लक्षणं

वावरात जाऊन यातलं कोणतं दिसतं ते बघा. एकाच तासात दोन-तीन प्रकार दिसू शकतात, त्यांना वेगवेगळं धरा.

– झाड कमरेच्या वर जात नाही, सप्टेंबरातच कळ्या धरतं. पानं मात्र हिरवीगार, रोगाचं नाव नाही.
– एका काडीऐवजी खालूनच पाच-सहा फांद्या, झुडूप झालेलं.
– पानं एकदम लांबट, चिंचोळी, चिंबलेली. शिरा जवळजवळ आल्यासारख्या. दोन-चार दिवसांत सगळ्या ओळीला एकदम झालेलं.
– जोराच्या पावसानंतर रोज थोडी थोडी झाडं माना टाकतात. बुंध्याशी काळपट पट्टा.
– पानांच्या शिरा पिवळ्या, मग अख्खं पान पिवळं.
– शेंडा गोळा झालेला, पानांचा गुच्छ, आत पांढरं पीठ.
– खोडावर मधेच फुगवटा, वाऱ्यानं तिथूनच मोडतं.
– उगवणच विरळ, तासात हातभर खाडे.

पहिली दोन आणि शेवटचं लक्षण सोडलं तर बाकीची रोगाची, किडीची किंवा औषधाची. तक्रारी मात्र सगळ्यात जास्त त्या पहिल्या दोनच्याच असतात.

पेरलं कधी?

हा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही आणि निम्म्याहून अधिक भांडण इथंच मिटतं.

अंबाडी दिवसाच्या लांबीवर चालते. दिवस मोठा असेपर्यंत ती फक्त उंच होत राहते. दिवस साडेबारा तासांच्या आसपास आला की तिचं मन फुलाकडे वळतं आणि वाढ मंदावते. विदर्भात जूनच्या शेवटी दिवस सव्वातेरा तासांच्या वर असतो. तो साडेबारावर येतो ऑगस्ट संपून सप्टेंबर लागताना, म्हणजे पूर्वा नक्षत्राच्या सुमारास. झाड कितीही लहान असो, ही तारीख त्याच्यासाठी थांबत नाही. मृगाच्या पावसावर पेरलेल्या अंबाडीला उंच व्हायला अडीच महिने मिळतात. पुष्यात किंवा आश्लेषात टोबलेलीला महिना-सव्वा महिना. दोघी फुलतात जवळपास एकाच वेळी, एक डोक्याच्या वर जाऊन आणि एक कमरेला.

आता उशीर का होतो तेही बघा. पऱ्हाटीची दुबार पेरणी झाली, खाडे पडले, मग जुलैच्या शेवटी घरातलं कोणीतरी मूठभर अंबाडी घेऊन खाडे भरतं. पऱ्हाटी तोवर गुडघ्यापर्यंत आलेली, तिच्या सावलीत ही उगवणार. अशा झाडाला युरिया टाका, टॉनिक मारा, काही होत नाही. उलट पान माजतं आणि मावा-तुडतुडे जमतात.

यावर या वर्षी इलाज नाही, हे स्वच्छ सांगतो. उशिराची अंबाडी वाखासाठी सोडून द्या आणि भाजीला वापरा; कोवळी भाजी तिचीच चांगली होते. किंवा बियाण्याला ठेवा, बुटकी असल्यानं बोंडं तोडायला सोयीची. पुढच्या वर्षी वाखाची अंबाडी पहिल्या चांगल्या पावसावर, पऱ्हाटीच्या बरोबर पेरा, नंतर नाही.

एक जोडप्रश्न. तुमच्या घरची अंबाडी हिरवी की लाल? जिचा देठ बारीक काट्यांचा आणि फूल पिवळट, मधे गर्द जांभळा ठिपका, ती हिरवी. ती लवकर फुलते आणि वाखाला चांगली. जिची बोंडं लाल, गरदार, ज्यांचं सरबत आणि चटणी करतात ती लाल. ती उशिरापर्यंत चालते, फूल दिवाळीच्या आगेमागे येतं. लाल अंबाडी सप्टेंबरात फुलली नाही म्हणून घाबरून बोलावणारेही भेटतात. ती तिच्या वेळेवरच असते.

रात्रीचा उजेड

याचा विचार कोणी करत नाही. गावाला लागून वावर असेल आणि धुऱ्याजवळ पथदिवा किंवा चौकातला मोठा हायमास्ट लागला असेल, तर उजेडात येणारी चार-सहा झाडं फुलायचं नाव घेत नाहीत, आणि त्याच तासातली पलीकडची, अंधारातली, फुलांनी भरलेली असतात. झाडाला रात्र किती लांब आहे ते मोजायचं असतं. दिव्यानं ते मोजमाप बिघडतं. असा तास दिसला की मला बरंच वाटतं, कारण दिवसाच्या लांबीची गोष्ट मग वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

गांजाचं झाडही याच नियमानं चालतं. हे इथं काढायचं कारण वेगळं आहे. अंबाडीचं पान हाताच्या बोटांसारखं फाटलेलं असतं, त्यामुळे शहरातून आलेला पाहुणा धुऱ्यावर फोटो काढतो आणि हसतो. हसू द्या. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. अंबाडीचं पान चावलं की आंबट लागतं, गांजाच्या झाडाला चिकट लव आणि उग्र वास असतो. ओळखायला एवढं पुरे. आणि मोबाईलवर 'हेम्प' नावानं बी विकायला दिसलं तर ते अंबाडीचं समजून मागवू नका. परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते धुऱ्यावर एकच का असेना. अंबाडीचं बी करडं, तिकोनी असतं आणि ते गावातच मिळतं.

शेंडा कोणी खुडला?

फांद्या फुटलेल्या झाडाजवळ खाली बसा आणि पहिली फांदी जिथून निघाली त्याच्या वर बघा. मधला शेंडा आहे की तुटलेला आहे? तुटलेला असेल, तर टोक तिरपं कापलेलं आहे, नखानं खुडलेलं आहे की चघळलेलं आहे, हे जवळून दिसतं. नखानं खुडलेलं असेल तर घरची भाजी. चघळलेलं असेल तर शेळी.

मधला शेंडा असेपर्यंत झाड बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की खालचे डोळे एकदम सुटतात. भाजीसाठी हे उत्तम, जितकं खुडाल तितकी भाजी. वाखासाठी मात्र तिथंच खेळ संपला, कारण फांदीपाशी वाख तुटतो आणि हाती येतात हातभर लांबीचे तुकडे. अंबाडी रस्त्याकडच्या धुऱ्यावर असेल तर गावातल्या सगळ्या बाया जाता-येता चार शेंडे ओच्यात घालतात. ते कोणी चोरी मानत नाही आणि मानूही नये. भाजीचा एक तास रस्त्याकडे लावा, वाखाचा आत, दोन ओळी पऱ्हाटीच्या पलीकडे. कुंपण घालण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि शेजारीपण टिकतं.

शेंडा शाबूत आहे तरीही फांद्या आहेत? मग अंतर मोजा. पाऊल टाकून बघा, दोन झाडांत हातभर अंतर असेल तर अंबाडी पसरणारच. वाखाला ती दाट हवी: दोन ओळींत फूटभर, दोन झाडांत चार बोटं. दाटीत झाडं एकमेकांना वर ढकलतात. धुऱ्यावर एकच ओळ असली तरी त्या ओळीत बी दाट पाडा. विरळणी करताना सोयाबीनसारखी मोकळी करू नका.

बी कुठून आलं?

ही तपासणी पुढच्या हंगामासाठीची, पण आत्ताच करा, कारण झाडं आत्ता उभी आहेत.

घराघरांत काय होतं बघा. सगळ्यात उंच, सरळ काड्या वाखासाठी कापल्या जातात. मागं उरतात त्या बुटक्या, फांदेरी, लवकर फुललेल्या. बी त्यांचंच पडतं, तेच आई डब्यात भरून ठेवते. अंबाडी बव्हंशी आपल्याच परागावर बी धरते, म्हणजे आई तशी लेक. अशी काही वर्षं गेली की त्या घरची अंबाडी बुटकीच होते, मग कोणी जमिनीला दोष देतो, कोणी पावसाला. त्यामुळे वाख कापायच्या आधी वावरात फिरून दहा-बारा सगळ्यात उंच, बिनफांदीची, उशिरा फुललेली झाडं निवडा, त्यांना लाल चिंधी बांधा आणि ती बियाण्याला उभी ठेवा. घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर चिंधीसकट कापली जातात.

उगवण विरळ असेल तर बी जुनं आहे. अंबाडीच्या दाण्यात तेल असतं, ओलसर कोठीत ते लवकर मरतं. दोन पावसाळे गेलेलं बी भरवशाचं नाही. पेरणीच्या आठवडाभर आधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, ओल टिकवा, चार-पाच दिवसांनी मोजा. सत्तरच्या वर उगवले तर पेरा. पन्नासच्या आसपास असतील तर दुप्पट बी टाका. त्याहून कमी असतील तर ढोरांपुढे टाका आणि शेजाऱ्याकडून नवीन आणा. सोयाबीनसाठी आपण हे करतोच, अंबाडीसाठी कोणी करत नाही एवढंच.

शेजारी काय फवारलं?

पानं लांबट आणि चिंबलेली, शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या, सगळ्या ओळीला एकदम झालं, आणि वाऱ्याच्या बाजूला जास्त. हा रोग नाही. हे टू-फोर-डी आहे. ज्वारीतलं किंवा धुऱ्यावरचं रुंद पानांचं तण मारायला कोणीतरी ते मारलं आणि वाऱ्यानं इकडे आणलं. अंबाडी, कपाशी, भेंडी एकाच कुळातली आणि तिघींनाही हे औषध फार थोड्या प्रमाणातही सोसत नाही. शेजारची पऱ्हाटी बघा. तिची पानं भेंडीसारखी फाटली असतील तर शंकाच उरत नाही.

रोग नक्की कसा वेगळा ओळखायचा? रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, ठिपक्याठिपक्यानं पसरतो, रोज थोडा वाढतो. औषधाचा फटका एका दिवसात येतो आणि त्याला सरळ कड असते, वाऱ्याची किंवा नोझलच्या पट्ट्याची. ती कड शोधा.

आणखी दोन ठिकाणी असंच होतं. सोयाबीनच्या तासात अंबाडी आणि सोयाबीनवर उगवणीनंतरचं तणनाशक: ते सोयाबीनला ओळखून सोडतं, अंबाडीला तण समजतं. आणि धुऱ्यावरचं ग्लायफोसेट, ज्यानं पान आधी पिवळं पडतं आणि मग झाड जातं. तिसरं एक कारण लाजेचं: घरचाच पंप. तणनाशकाचा पंप नीट न धुता त्यानंच कीटकनाशक मारलेलं असतं. तणनाशकाला वेगळा पंप ठेवा, नाही जमत तर साबणाच्या पाण्यानं तीनदा धुवा आणि नळी-नोझलही उघडून धुवा.

फटका सौम्य असेल तर नवीन शेंडा चांगला निघतो, वाट बघा. शेंडाच मेला असेल तर ते झाड फांद्या काढणार, वाखाचा नाद सोडा. त्या पानांची भाजी मात्र करू नका.

भाजीची गोष्ट निघाली म्हणून

ही तपासणी नाही, पण लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पऱ्हाटीच्या धुऱ्यावरची अंबाडी आणि पऱ्हाटी यांच्यावर एकाच हातानं एकाच दिवशी फवारा पडतो. आंतरप्रवाही औषध पानाच्या आत जातं, ते धुऊन निघत नाही, उकळून पाणी टाकल्यानंही भरवसा नाही. सोयाबीन-कपाशीच्या फवारणीच्या महिन्यांत धुऱ्यावरची भाजी घरात येऊ देऊ नका. परसात एक वाफा वेगळा ठेवा, त्याच्याकडे पंप फिरकू देऊ नका, आणि भाजी, कण्या, ठेचा सगळं त्याच वाफ्यावर चालवा.

पाणी साचतं का?

इथून पुढं हात मातीत घालावा लागतो.

आपली काळी जमीन पाणी धरते आणि सोडत नाही. धुरा उंच दिसला तरी त्याच्या कडेचा तास बहुतेक वेळा सगळ्यात खोल असतो, कारण डवरणीची माती तिकडून उचललेली असते. श्रावणातल्या सलग पावसात तिथं वावर चिबडतं. अंबाडीला ओल आवडते, उभं पाणी नाही. फायटोफ्थोरा नावाची बुरशी अशा वेळी बुंध्याला धरते: जमिनीलगत काळपट-तपकिरी पट्टा, साल बोटानं सरकते, आत लाकूड तपकिरी. दुपारी झाड मान टाकतं, संध्याकाळी सावरतं, दोन दिवसांनी सावरत नाही.

एक मेलेलं आणि एक आजारी झाड मुळासकट उपटा आणि बुंधा नखानं खरवडून बघा. पट्टा ओला-काळा असेल तर ही कुज. त्याऐवजी बुंध्याशी पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती वेगळी बुरशी, आणि ते दाणे जमिनीत वर्षानुवर्षं राहतात. बुंधा साफ असेल आणि फक्त मुळांवर गाठी असतील तर खाली सूत्रकृमीचं (मुळांत शिरणाऱ्या बारीक जंतांचं) वाचा.

कुजीला पहिला उपाय फावडं. तासाच्या वरच्या बाजूनं चर काढा, पाणी नाल्याकडे जाऊ द्या. मेलेली झाडं वावराबाहेर नेऊन जाळा, धुऱ्यावर टाकू नका. मध्ये उभ्या झाडांच्या बुंध्याशी माती चढवू नका, ओल आणखी धरते. पुढच्या वर्षी तो तास वरंब्यावर घ्या, जागा बदला, आणि बियाण्याला पाकिटावरच्या प्रमाणात ट्रायकोडर्मा (कुजीच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळा. ते स्वस्त आहे आणि कृषी विज्ञान केंद्रातही मिळतं. उभ्या पिकात बुंध्याशी बुरशीनाशक ओतणं हा खर्च धुऱ्यावरच्या दोन तासांना परवडत नाही. अर्धा एकर अंबाडी असेल तर विचारून करा.

पिवळ्या शिरा

भेंडीवरचा हळद्या ज्यानं पाहिला आहे त्याला सांगावं लागत नाही. शिरा पिवळ्या, मधला भाग हिरवा, नंतर सगळंच पिवळं. हा विषाणू आहे, पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. लागलेलं झाड कोणत्याही औषधानं बरं होत नाही. फवारा मारायचाच असेल तर तो माशीसाठी, उरलेल्या झाडांना वाचवण्यासाठी.

सकाळी उन्हाआधी पान उलटं करून बघा. माशी खालच्या बाजूला असते, धक्का लागला की उडते. लागलेली झाडं पिशवीत घालून काढा, माशी उडवत नेऊ नका. पिवळे चिकट सापळे लावा. निंबोळी अर्क घरी होतो: पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात, सकाळी गाळून शंभर लिटर पाणी करा, थोडा साबण घाला, संध्याकाळी मारा. झाड लहान असताना लागलं तर उंची जाते. फुलाच्या वेळी लागलं तर फार फरक पडत नाही, धावपळ करू नका.

शेंडा गोळा होऊन आत पांढरं पीठ असेल तर पिठ्या ढेकूण. तो गुच्छ कापा आणि जाळा. मुंग्या चढताना दिसत असतील तर आधी मुंग्यांचं वारूळ शोधा, कारण त्याच त्याला इकडून तिकडे नेतात. खोडावरच्या फुगवट्यात अळी असते. फुगवट्याखालून कापून टाका. रोपं लहान असताना पानांना बारीक छिद्रं पाडणारे भुंगेरे दिसले तर सोडून द्या, झाड त्यांच्या पुढं निघून जातं.

पऱ्हाटी संपल्यावर धुऱ्यावर अंबाडी तशीच वाळत उभी ठेवायची सवय आहे. ती मोडा. पिठ्या ढेकूण, लाल ढेकण्या, गुलाबी बोंडअळी यांना ती आसरा देते आणि पुढच्या वर्षी कपाशीत परत पाठवते. वाख काढला, बी घेतलं की उरलेलं उपटा. सोललेल्या सणकाड्या चुलीला.

मुळं आणि माती

इथवर काहीच सापडलं नाही, तरी झाडं खुजी, एकाच जागी, दर वर्षी. मग मूळ धुऊन बघा. गाठी झाडाच्या स्वतःच्या असतील, म्हणजे मूळच फुगलेलं, तर सूत्रकृमी. त्या जागी दोन-तीन वर्षं ज्वारी घ्या. भेंडी, वांगी, टमाटर त्या वाफ्यात लावू नका.

गाठीही नाहीत? मग माती. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या काठाची माणसं हे वाचत असतील तर त्यांनी ही तपासणी खरं म्हणजे वरच घ्यावी. खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं, जमीन चोपण. उन्हाळ्यात वावरावर पांढरी बुरी दिसते का, पावसात माती साबणासारखी चिकट होऊन पाणी जिरत नाही का, ते बघा. तिथं विहिरीचं पाणी अंबाडीला देऊ नका, पावसावरच घ्या. मातीची क्षारता आणि सामू तपासून घ्या. नमुना धुऱ्याचा न घेता तासातला घ्या, पाच-सहा ठिकाणचा मिसळून, वीतभर खोलीपर्यंतचा.

कुठं थांबायचं

फवारणी करताना किंवा नंतर मळमळ, उलटी, खूप घाम, डोळ्यांपुढं अंधारी, बाहुली बारीक झालेली, तोंडातून लाळ, छातीत जडपणा, यातलं काहीही झालं तर फवारणी तिथंच थांबवायची. कपडे बदला, अंग साबणानं धुवा, औषधाची बाटली किंवा पाकीट बरोबर घ्या आणि सरळ सरकारी दवाखाना. ताक, लिंबू, हळद यात वेळ घालवायचा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या फवारणीनं वीसहून अधिक माणसं गेली. दोन-तीन औषधं एकत्र मिसळणं, उभ्या वाऱ्यात मारणं, उंच झाडांत शिरून डोक्याच्या वर फवारणं, सगळं त्या वर्षी बोललं गेलं. अंबाडी तर डोक्याच्या वरच असते. तिच्यावर पंप घेऊन चढू नका.

पिकाच्या बाबतीत तीन ठिकाणी स्वतःचा प्रयोग थांबवा. चार-सहा दिवसांत ओळीच्या ओळी वाळत असतील आणि बुंधा उघडून कारण कळत नसेल. अंबाडीवरचा रोग शेजारच्या पऱ्हाटीवरही दिसू लागला असेल. मग हा दोन तासांचा प्रश्न उरला नाही. आणि वरचं सगळं करून लागोपाठ दुसऱ्या वर्षीही तीच जागा तशीच असेल.

अशा वेळी दुकानदाराला विचारू नका, त्याचं काम विकायचं आहे. गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) बोलवा. त्याला यायला उशीर होत असेल तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. रोग ओळखायचाच असेल तर जवळचं कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. जाताना तीन झाडं न्या: एक मेलेलं, एक नुकतं लागलेलं, एक चांगलं, मुळांवरच्या मातीसकट, वर्तमानपत्रात गुंडाळून. प्लास्टिकच्या पिशवीत नेलं तर रस्त्यात कुजतं आणि मग तिथल्या माणसालाही नवी बुरशी आणि जुनी बुरशी वेगळी करता येत नाही. कागदावर पेरणीची तारीख, त्या तासात मागच्या वर्षी काय होतं, आणि आजूबाजूला कोणी काय फवारलं ते लिहून न्या. पहिला प्रश्न ते तोच विचारतात.